नळसूचना

हिंगोलीच्या प्रबोधन कॉलनीत नळ कधी येईल हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. तो माणूस आपणच आहोत, हे रत्नपालच्या ध्यानात आलं ते दोन हजार आठ सालच्या पोळ्यानंतर, एका रविवारी दाढी करताना.

कॉलनीची स्वतःची पाण्याची टाकी होती आणि टाकीवर धर्मसिंग नावाचा माणूस होता. टाकी भरायची ती लाइट असली तर, आणि लाइट असायची तिच्या मर्जीनं. टाकी भरली की धर्मसिंग एकेका भागाचा व्हॉल्व्ह सोडायचा. रत्नपालच्या भागाला तीन-चार दिवसांतून एकदा पाणी मिळायचं हे नक्की. ते सकाळी मिळायचं हेही बहुतेक नक्की. पण सकाळ म्हणजे सहा की अकरा, हे धर्मसिंगलाही ठाऊक नसायचं. मग नळाच्या दिवशी प्रत्येक घरातली एक बाई तोटीपाशी अडकून पडायची. तिनं भाजीला जायचं नाही, दवाखान्यात जायचं नाही, शेजारी चहाला बसली तरी एक कान घराकडं ठेवायचा. नळ आला तर अर्धा तास टिकायचा आणि गेला की गेला.

रत्नपालच्या घरातली ही बाई म्हणजे त्याची बायको सत्यशीला. लग्नापायी सुटलेलं शिक्षण तिनं हट्टानं पुन्हा धरलं होतं आणि गावातल्या कॉलेजात ती एम.ए. करत होती. वर्ग सकाळचे. आदल्या वर्षी भाषाविज्ञानाच्या पेपराला ती निम्म्यातून उठून घरी आली होती, कारण तो नेमका नळाचा दिवस होता. पाणी मिळालं, विषय राहिला. आता तो विषय पुन्हा द्यायचा होता आणि या खेपेला नाही सुटला तर एम.ए.चा नाद सोडून द्यायचा, असं तिनं स्वतःच जाहीर केलं होतं. हे जाहीर करताना ती भांडी घासत होती आणि भांडी रोजच्यापेक्षा जास्त वाजत होती.

रत्नपालला बायकोच्या हुशारीचं भारी कौतुक होतं. त्याला मनापासून वाईट वाटलं. "काहीतरी केलंच पाहिजे," असं म्हणून तो उठला आणि त्यानं कॉम्प्युटर लावला.

रत्नपाल एका सरकारी कचेरीत लिपिक होता. शनिवार-रविवार नांदेडला जाऊन त्यानं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. कचेरीत त्या डिप्लोम्याचा उपयोग साहेबांच्या भाच्याची लग्नपत्रिका टाइप करण्यापुरता झाला होता आणि ही सल त्याच्या मनात होती. कचेरी साडेदहाची, त्यामुळं सकाळ सगळी त्याची स्वतःची. या सकाळी तो पेपर वाचण्यात आणि इंटरनेटवर देशोदेशीची माहिती घेण्यात घालवत असे. असल्याच एका सकाळी त्याला चिटचौक सापडलं.

चिटचौक ही बंगलोरच्या कुठल्याशा कंपनीची साइट होती. तिथं आपण दोन ओळी लिहायच्या आणि ज्यांनी आपल्याशी नाव जोडलंय त्या सगळ्यांच्या मोबाईलवर त्या ओळी फुकट जायच्या. जगातले लोक त्यावर आपण काय खाल्लं ते लिहीत. पण रत्नपालची नजर गेली ती खालच्या बारीक अक्षरांकडं. ज्यांना प्रोग्राम लिहिता येतो अशा मंडळींना कंपनीनं मागचं दार फुकट उघडं ठेवलं होतं. नाव नोंदवा, एक गुप्त किल्ली घ्या आणि तुमच्या प्रोग्राममधून आमच्या साइटमार्फत हवे तेवढे मेसेज पाठवा. अशा माणसाला ते डेव्हलपर म्हणत. रत्नपालनं नाव नोंदवलं आणि बंगलोरहून "प्रिय डेव्हलपर" अशी मेल आली. ती त्यानं सत्यशीलाला दोनदा वाचून दाखवली. शेजारच्या तातेरावांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी कुठल्या बाजूला प्लॉट पाडून राहिले, असं विचारलं, तेवढं सोडलं तर दिवस चांगला गेला.

आठवडाभरात नळसूचना तयार झाली. धर्मसिंगनं व्हॉल्व्ह सोडला की रत्नपालला मिस कॉल द्यायचा. मिस कॉलला पैसे पडत नसल्यानं धर्मसिंग एका पायावर तयार झाला. मिस कॉल आला की रत्नपालनं एक बटण दाबायचं, निरोप बंगलोरला जायचा आणि तिथून सत्यशीलाच्या मोबाईलवर यायचा. लाइट गेली तरी खंड पडू नये म्हणून रत्नपालनं हप्त्यानं इन्व्हर्टरही घेतला. स्वयंपाकघरातला दिवा त्याला जोडला नव्हता, पण कॉम्प्युटर जोडला होता.

पहिल्याच खेपेला यंत्रणा चोख चालली. मिस कॉल आला, बटण दाबलं गेलं आणि कॉलेजात तिसऱ्या बाकावर बसलेल्या सत्यशीलाची पर्स गुरगुरली. ती तास सोडून उठली, निऱ्या सावरत कॉलनीपर्यंत जवळजवळ पळत आली आणि पदर खोचून नळाला भिडली. नळापासून दोन हातांवर खुर्चीत बसलेल्या रत्नपालनं घड्याळ पाहिलं.

"मेसेज बराबर पोचला का?" त्यानं आतुरतेनं विचारलं.

"पोचला," सत्यशीला हंडा उचलत म्हणाली. "आन् मी बी पोचले."

रत्नपालला कृतकृत्य वाटलं. इतक्या दुरून निरोप बंगलोरला जाऊन परत येतो आणि बायको त्याच्यामागोमाग येते, हे त्याला विज्ञानाचं मोठंच यश वाटलं. पाणी भरून सत्यशीला पुन्हा वर्गावर गेली तेव्हा तास संपला होता. पण निदान नळ चुकला नव्हता आणि घरात ताटकळत बसणं तरी वाचलं होतं. तीही तक्रार करणारी नव्हती.

ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या आल्या त्या समोरच्या शकुंतलाबाई, मग सिंधूबाई आणि मग ज्यांची नावंही ठाऊक नव्हती अशा मागच्या गल्लीतल्या बाया. प्रत्येकीच्या नवऱ्याचा किंवा सासूचा मोबाईल चिटचौकला जोडण्यात रत्नपालचा दसरा-दिवाळीचा काळ गेला. रस्त्यानं जाताना लोक थांबून नमस्कार करू लागले. कचेरीत ज्याला कुणी ओळखत नव्हतं, त्याला कॉलनीत सगळे "नळवाले सर" म्हणू लागले. यातला "नळवाले" त्याला खटकायचा, पण "सर" फार गोड लागायचा.

प्रसिद्धीबरोबर सूचनाही आल्या. "नळ आला" एवढाच निरोप सिंधूबाईंना तुसडा वाटला. "आम्ही का तुमचे नोकर हाव? जरा मानानं सांगा की," त्या म्हणाल्या. म्हणून "नळ आला आहे, कृपया पाणी भरून घ्यावे" असा बदल झाला. तातेराव तहसीलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना त्यात दिनांक, वार आणि सूचना देणाऱ्याचा हुद्दा हवा होता. हुद्दा कोणता घालावा यावर एक बैठक झाली आणि चहा सत्यशीलानं केला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना माघात शकुंतलाबाईंच्या मुलीचा साखरपुडा आला. पाहुणे कनेरगाव नाक्याचे. त्या दिवशी सकाळी धर्मसिंगचा मिस कॉल आला, रत्नपालनं बटण दाबलं आणि कॉम्प्युटरवर एक घोरणारी मांजर उगवली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की चिटचौक जरा विश्रांती घेत आहे. रत्नपालनं पुन्हा दाबलं. मांजर कूस बदलायलाही तयार नव्हती. त्यानं चिडून किती वेळा बटण दाबलं, याचा हिशेब त्यानं ठेवला नाही. चिटचौकनं मात्र ठेवला होता.

दुपारी मांडवात मुलीच्या हाताशी अंगठी आली आणि नेमकी त्याच क्षणी बंगलोरची मांजर जागी झाली. अख्ख्या मांडवातले मोबाईल एकदम वाजू लागले आणि वाजतच राहिले. नळ आला आहे, कृपया पाणी भरून घ्यावे. नळ आला आहे, कृपया. नळ आला आहे. एवढ्या वेळा सांगतात म्हणजे पाणीही तसंच आलं असणार, असं बायांनी धरलं. शालू सावरत, मुलं काखेत मारत कॉलनी उठली. नवरदेवाच्या बापाला कुणी तरी ढकलून गेलं. स्वतः शकुंतलाबाई हातातलं ओवाळणीचं ताट विहीणबाईंच्या मांडीवर ठेवून पळाल्या. क्षणभरात मांडवात फक्त पाहुणे, भटारी आणि खुर्चीत गोठलेला रत्नपाल उरले.

तोट्या अर्थातच कोरड्या होत्या. सगळ्या बाया परत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून रत्नपालनं जिलेबी न घेताच उठायचं ठरवलं. शकुंतलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सोयरीक मोडते की काय, अशी कुजबुज सुरू झाली. पण मुलाचा बाप समजूतदार निघाला. "आमच्याकडं बोअरला बारमाही पाणी हाय," तो म्हणाला. "पोरगी सुखात राहील, ते बघून घेतलं आमी." आणि अंगठी बोटात गेली.

रत्नपालच्या इभ्रतीचं मात्र नुकसान झालं ते झालंच. महिनाभर त्याच्याकडं लोक पाहून न पाहिल्यासारखं करत. तो घाव भरत येतो न येतो तोच बंगलोरहून दुसरी मेल आली. "प्रिय डेव्हलपर" पर्यंत ती जुन्यासारखीच होती. पुढं म्हटलं होतं, की फुकटातल्या डेव्हलपरांनी फार गर्दी केल्यानं पुढच्या महिन्यापासून त्यांना दिवसाला फक्त वीस मेसेज पाठवता येतील. जास्त हवे असतील त्यांनी कंपनी काढावी आणि पैसे भरावेत.

कॉलनीत घरं साठाच्या वर. बैठक बसली. वीस घरं कोणती, हा प्रश्न निघताच जो तो आपलं घर टाकीला किती जवळ किंवा किती लांब आहे ते सांगू लागला. जवळच्यांचं म्हणणं, आम्हाला पाणी आधी येतं म्हणून निरोप आधी पाहिजे. लांबच्यांचं म्हणणं, आम्हाला कमी येतं म्हणून आधी पाहिजे. दोन्ही बाजूंचं बरोबर वाटून रत्नपाल मान हलवत राहिला आणि त्यामुळं दोन्ही बाजू त्याच्यावर चिडल्या. शेवटी तातेराव उभे राहिले.

"मेसेज बंद करणारे हे कोण?" ते गरजले. "निवेदन देऊन टाकू."

"पण तातेराव, ही खाजगी कंपनी हाय," रत्नपाल म्हणाला. "तिला निवेदन कसं द्यायचं?"

"कसं म्हंजे? तीन प्रतीत."

तातेरावांनी बसल्या बैठकीत निवेदन लिहिलं. प्रति, मा. मुख्य अधिकारी, चिटचौक, बंगलोर. विषय, मोफत निरोप सेवा पूर्ववत चालू ठेवणेबाबत. संदर्भ, आपला ईमेल. सेवा पूर्ववत न झाल्यास लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. खाली कॉलनीच्या सह्या आणि काही अंगठे. बंगलोरच्या माणसांना मराठी वाचता येईल का, ही रत्नपालची शंका तातेरावांनी उडवून लावली. वाचता येत नाही म्हणून अर्ज परत पाठवल्याचं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. बाजारातल्या नेमसिंगच्या इंटरनेट कॅफेत जाऊन निवेदन स्कॅन झालं आणि रवाना झालं.

दुसऱ्याच मिनिटाला उत्तर आलं. ते कॉम्प्युटरनं आपोआप पाठवलेलं होतं. आपली तक्रार मिळाली, इतकंच त्यात होतं आणि वर एक लांबलचक आकडा होता. तातेरावांनी चष्मा पुसला.

"आवक नंबर पडला!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. "एवढ्या लवकर आपल्या तहसीलात बी पडत न्हाई. रत्नपालराव, काम झालंच म्हणून समजा. आता फक्त स्मरणपत्रं लावून धरायची."

स्मरणपत्रं म्हणजे काय, ते रत्नपालला लिपिक असल्यानं ठाऊक होतं. बंगलोरला ठाऊक नव्हतं. कॉलनीतला एकेक माणूस रोज संध्याकाळी फिरायला निघाला की नेमसिंगच्या कॅफेत शिरून एक स्मरणपत्र ठोकून यायचा. मजकूर सगळ्यांचा तोच, कारण तातेरावांनी मसुदा मंजूर केला होता. तरी दाद लागेना तेव्हा धरणं धरायचं ठरलं. कुठं, असा प्रश्न निघाला. कंपनी बंगलोरला, आणि हिंगोलीत तिचं जे काही होतं ते नेमसिंगच्या कॅफेतच होतं. म्हणून धरणं कॅफेपुढं झालं. नेमसिंगनं सतरंजी दिली, दुपारी चहा पाजला आणि उन्हानं कंटाळलेल्या आंदोलकांना आत पंख्याखाली बसवून इंटरनेट दाखवलं. त्याचा धंदा इतका कधी झाला नव्हता. धरणं अजून एक दिवस चालवा, असा आग्रह त्यानंच केला.

त्याच संध्याकाळी तिसरी मेल आली. तिच्यात "प्रिय" नव्हतं. एकाच गावातून, एकाच मजकुराच्या, अगम्य लिपीतल्या मेलींचा मारा होत असून हे यंत्राचं काम दिसतं, सबब चौकशी होईपर्यंत आपली किल्ली रद्द करण्यात येत आहे. वीस मेसेजही गेले. तातेरावांसारखा हाडामासाचा माणूस यंत्र समजला गेला, हे त्यांना सांगायचा धीर रत्नपालला झाला नाही. सेवा बंद झाली असून चौकशी लागली आहे, एवढंच त्यानं सांगितलं. चौकशी म्हटल्यावर तातेराव आदरानं गप्प बसले, कारण चौकशीला किती वेळ लागतो ते त्यांना माहीत होतं.

आणि भाषाविज्ञानाचा पेपर आला तो नेमका त्यानंतरच्या पहिल्याच नळाच्या दिवशी.

सत्यशीला पहाटेपासून वाचत होती. तिनं दोन पेन घेतले, कागदाचं हॉल तिकीट घेतलं आणि मोबाईल काढून फडताळात ठेवला, कारण परीक्षेत तो चालत नसे. रत्नपाल दारात तिच्या चपलांशी घुटमळत होता. आपल्या नळसूचनेनं हिला या दिवशी दगा दिला, हे त्याला आतून खात होतं.

"नळाचं काय करायचं?" तो पडेल आवाजात म्हणाला. "आज तर मी तुला कळवू बी शकत न्हाई."

सत्यशीलानं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"तुमी हाय की घरी," ती म्हणाली आणि गेली.

हे तिनं धीर देण्यासाठी म्हटलं असं रत्नपालनं धरलं. तो कॉम्प्युटरपुढं बसला. नवाच्या सुमाराला धर्मसिंगचा मिस कॉल आला आणि हातानं सवयीनं बटण दाबलं. तुम्हाला परवानगी नाही, असं पडद्यावर आलं. बाहेर तोटीनं दोनदा उसासा टाकला, मग ती थुंकली आणि धो धो वाहू लागली.

रत्नपाल उठून उभा राहिला. कॉलेजात जाऊन खिडकीतून हाक मारावी, असं पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. त्यानं पायात चप्पल सरकवली, सायकल फाटकाबाहेर काढली आणि मागं पाणी मोरीत पडताना ऐकलं. ती आता पेपर लिहीत असेल. हाक मारली तर उठून येईल. येईलच, गेल्या वर्षी आली होती. पोळ्यापासून तर तो तिला हाक मारून मारून उठवतच आला होता, आणि ती पळत येत होती, आणि तो नळापासून दोन हातांवर बसून घड्याळ बघत होता. फाटकात सायकल धरून उभा असताना रत्नपालला इतकी लाज वाटली की त्याचे कान गरम झाले.

त्यानं सायकल तिथंच आडवी केली आणि बादली उचलली.

पाणी भरण्यात एवढं शास्त्र असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आधी माठ की आधी पिंप? फडकं कुठलं? त्यानं कुंपणापाशी जाऊन समोर हाक दिली, पण शकुंतलाबाई मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेल्या होत्या. निरोप येईल या भरवशावर कॉलनीतल्या निम्म्या बाया बाहेर पडल्या होत्या आणि सेवा बंद झाली हे त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना सांगितलं नव्हतं. कुंपणापलीकडं तातेराव बनियनवर उभे होते, हातात तांब्या.

"रत्नपालराव, आमची मंडळी देवळात गेली," ते खाजगी आवाजात म्हणाले. "पिंपाला झाकण कुठून उघडते हो?"

"वरून, तातेराव."

मग एकेका फाटकातून एकेक पुरुष डोकावला. कुणाचा अर्धा गाल साबणाचा, कुणाच्या हातात पेपर. अर्धा तास कॉलनीत बादल्या आदळत होत्या आणि तातेराव दर हंड्याला पाठ धरून आपल्याच खात्यातल्या कुणाला तरी शिव्या देत होते. रत्नपालनं माठ भरला, पिंप भरलं, हौद भरला. नळ जाईना म्हणून पातेली भरली, चहाचं भांडं भरलं, शेवटी वाट्याही भरल्या. मग तो ओल्या उंबऱ्यावर बसला आणि त्याला फार बरं वाटलं. डिप्लोमा मिळाला त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं.

सत्यशीला उन्हाची आली. शेवटची घंटा होईपर्यंत तिनं लिहिलं होतं आणि बोटाला शाई होती. तिनं ओट्यावरच्या काठोकाठ भरलेल्या वाट्या पाहिल्या, मग नवऱ्याची भिजलेली विजार पाहिली.

"नळ आला होता?"

"आला होता."

"मंग मला कळवलं काहून न्हाई?"

"सेवा बंद हाय," रत्नपाल म्हणाला.

सत्यशीला हसायला लागली ती भिंतीला टेकूनच. हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं एक वाटी उचलली आणि उभ्या उभ्या पाणी प्यायली.

पावसाळ्याच्या तोंडाला निकाल लागला. भाषाविज्ञान सुटलं होतं, तेही चांगल्या गुणांनी. पेढे वाटताना तातेराव म्हणाले, की या यशात कॉलनीच्या आंदोलनाचा वाटा आहे, आणि कुणी त्यांना अडवलं नाही. त्यानंतरच्या एका सकाळी सत्यशीला कॉम्प्युटरपाशी बसली होती. नोकरीचे अर्ज कसे पाठवायचे, ते ती शिकत होती. रत्नपाल बाहेर होता.

"अहो!" तिनं आतून हाक मारली. "बंगलोरची मेल आलीय. चौकशी पुरी झाली म्हणते. तुमची किल्ली परत चालू केली, आन् मेसेज बी पयल्यासारखे फुकट. या की बघायला!"

रत्नपालनं माठाच्या तोंडावरचं फडकं घट्ट केलं आणि त्यावर पाण्याची धार धरली.

"दुपारी बघतो," तो म्हणाला. "नळ आलाय."